न्यूक्लिअर इंजिनिअरिंगची डिग्री: घरचे वीस लाख घालायचे की नाही

आधी प्रश्न काय आहे ते थोडक्यात सांगतो, म्हणजे बाकीच्यांनाही संदर्भ लागेल. विचारणारे कराडजवळचे, साखर कारखान्यात नोकरीला, ओबीसी, घरचं उत्पन्न वर्षाला आठ लाखांच्या आत. मुलगी बारावी झालीय, सीईटीला ९४ पर्सेंटाइल, फिजिक्स मनापासून आवडतं आणि तिने ठरवलंय की अणुऊर्जेतच जायचं. बाहेरच्या राज्यातल्या एका खासगी विद्यापीठात बी.टेक. न्यूक्लिअरला सीट मिळतेय, फी वर्षाला साडेतीन लाख, हॉस्टेल-मेस वेगळं. ह्यूस्टनला राहणारा चुलतभाऊ म्हणतोय की ही डिग्री घेऊ दे, मग अमेरिकेत एमएस करेल, तिकडे न्यूक्लिअर इंजिनिअरला भरपूर पगार आहे. आणि वडिलांचा प्रश्न सरळ आहे, की एवढे पैसे घातले तर ते वसूल होतील का.

मी मेकॅनिकलचा, ९० च्या दशकात ट्रेनिंग स्कूल करून अणुऊर्जा विभागात लागलो, आधी बरीच वर्षं रिॲक्टर ऑपरेशन, मग सेफ्टी ॲनालिसिस, आणि नोकरीच्या शेवटच्या काही वर्षांत नव्या मुलांचे इंटरव्ह्यू घ्यायला बोर्डावर बसायचो. तेव्हा जे सांगतोय ते जवळून बघितलेलं आहे. माझं उत्तर असं की मुलीने न्यूक्लिअरमध्ये जरूर जावं, या क्षेत्राला अशा मुलींची गरज आहे, पण घरच्या पैशाने न्यूक्लिअरची बी.टेक. करू नये. हे दोन वेगळे निर्णय आहेत आणि घरोघरी ते एकच समजले जातात, तिथेच पैसे बुडतात.

का ते सांगतो. भारतात न्यूक्लिअर इंजिनिअरिंग शिकवायची जबाबदारी पहिल्यापासून अणुऊर्जा विभागाने स्वतःकडे घेतलेली आहे. होमी भाभांनी १९५७ मध्ये मुंबईत ट्रेनिंग स्कूल सुरू केलं ते याच विचाराने, की कॉलेजातून चांगला मेकॅनिकल, केमिकल, इलेक्ट्रिकल इंजिनिअर, चांगला फिजिक्सवाला घ्यायचा आणि रिॲक्टर त्याला आपण शिकवायचा. ती पद्धत आजही चालू आहे, ओसीईएस नावाने. इंजिनिअरिंग झाल्यावर एक वर्षाचा कोर्स, त्यात रिॲक्टर फिजिक्स, हीट ट्रान्सफर, शिल्डिंग, मटेरियल्स, हेल्थ फिजिक्स सगळं येतं, आणि अभ्यासाचा रेटा असा असतो की आमच्या बॅचमधली विद्यापीठात पहिली आलेली मुलंसुद्धा पहिल्या दोन महिन्यांत हबकली होती. आणि या वर्षभरात फी भरायची नसते, उलट स्टायपेंड मिळतो, २०२५ च्या जाहिरातीत तो महिना ७४ हजार होता आणि पुस्तकांसाठी एकरकमी ३० हजार वेगळे. कोर्स पास झालं की सायंटिफिक ऑफिसर ‘सी’, म्हणजे लेव्हल १० चा पगार, मूळ वेतन ५६,१०० आणि वर भत्ते. पुढे प्रोजेक्ट करून होमी भाभा नॅशनल इन्स्टिट्यूटची एम.टेक.ही घेता येते. म्हणजे ज्या शिक्षणासाठी तुम्ही वीस लाख द्यायला निघालाय ते शिक्षण देशातली सगळ्यात जाणकार माणसं पगार देऊन शिकवतात. बदल्यात तीन वर्षं नोकरी करायचा बाँड असतो, तो काही जाच नाही, लोक तीस-पस्तीस वर्षं राहतात.

आता त्या दारातून आत जायला काय लागतं ते बघा. गेटचा, म्हणजे इंजिनिअरिंगवाल्यांच्या देशपातळीवरच्या परीक्षेचा स्कोअर लागतो (काही वर्षी विभागाने स्वतःची ऑनलाइन परीक्षाही ठेवली होती), इंजिनिअरिंगला किमान ६० टक्के लागतात आणि मग इंटरव्ह्यू. गेटमध्ये न्यूक्लिअर इंजिनिअरिंग असा पेपरच नाही. म्हणजे न्यूक्लिअरची बी.टेक. केलेल्या मुलालासुद्धा गेट द्यायचं तर मेकॅनिकल किंवा केमिकल किंवा असाच दुसरा पेपर निवडावा लागतो, आणि तिथे त्याची गाठ चार वर्षं तोच विषय घासून आलेल्या मुलांशी पडते. ओसीईएसमध्ये न्यूक्लिअरवाल्यांना अर्ज करता येतो, ते दार बंद नाही. पण एनपीसीआयएलची २०२५ ची एक्झिक्युटिव्ह ट्रेनीची जाहिरात काढून बघा, एकूण ४०० जागा, मेकॅनिकल १५०, इलेक्ट्रिकल ८०, केमिकल ६०, इलेक्ट्रॉनिक्स ४५, सिव्हिल ४५, इन्स्ट्रुमेंटेशन २०. देशातले अणुवीज प्रकल्प चालवणारी कंपनी आणि तिच्या सहा शाखांच्या यादीत न्यूक्लिअर नावाची वेगळी शाखा नाही! पहिल्यांदा ऐकणाऱ्याला हे विचित्र वाटतं, पण प्लँटवर एक वर्ष काढलं की त्यात काही विचित्र वाटत नाही.

प्लँटवर काय चालतं ते एका रात्रीवरून सांगतो. २२० मेगावॅटचं युनिट, हेवी वॉटरवर चालणारं, रात्रपाळी, पूर्ण पॉवरवर शांत चाललेलं. आपल्याकडे सेफ्टीची प्रत्येक महत्त्वाची मोजणी तीन वेगळ्या चॅनलवर होते आणि तीनपैकी दोन चॅनलनी धोका दाखवला की रिॲक्टर आपोआप बंद होतो. त्या रात्री एक चॅनल ठरलेल्या वेळापत्रकाप्रमाणे टेस्टिंगला घेतलेला, म्हणजे त्याचं मत आधीच ‘बंद करा’ असं धरलेलं, आणि नेमका त्याच पाच मिनिटांत दुसऱ्या चॅनलचा प्रेशर ट्रान्समीटर, म्हणजे दाब मोजून कळवणारं यंत्र, थरथरला. तीनात दोन झाले, रिॲक्टर ट्रिप. सुरक्षेला काही झालं नाही, सिस्टिमने जे करायचं तेच केलं. पण त्या क्षणापासून घड्याळ चालू होतं, कारण झेनॉन. रिॲक्टर चालू असताना आयोडीन-१३५ तयार होत असतं, त्याचं अर्धायुष्य साडेसहा तासांच्या आसपास, त्यापासून झेनॉन-१३५ होतं जे न्यूट्रॉन अक्षरशः गिळतं. चालू रिॲक्टरमध्ये न्यूट्रॉनचा मारा झेनॉनला जाळत राहतो म्हणून तोल सांभाळला जातो, रिॲक्टर बंद झाला की जाळणारं कुणी नाही आणि साठलेल्या आयोडीनमधून झेनॉन तर येतच राहतं. या प्रकारच्या रिॲक्टरमध्ये साधारण अर्ध्या तासाच्या आत कारण सापडलं, दुरुस्त झालं आणि परत पॉवर उचलता आली तर ठीक, नाहीतर झेनॉन इतकं चढतं की पुढचे दीड दिवस तुम्ही काहीही केलं तरी रिॲक्टर सुरू होत नाही.

आता त्या अर्ध्या तासात कोण काय करत होतं बघा. माझ्याशेजारी बसलेल्या इंजिनिअरला झेनॉनचं गणित तोंडपाठ, त्याने किती मिनिटं आहेत ते लगेच सांगितलं. तेवढं रिॲक्टर फिजिक्स. पण ट्रान्समीटर का थरथरला हे शोधायला इन्स्ट्रुमेंटेशनची मुलगी धावत पॅनेलमागे गेली आणि एकेक टर्मिनल हाताने हलवून बघत होती, बॉयलरची पातळी सांभाळायला मेकॅनिकलवाला, आणि टर्बाइन सुटल्यावर स्टेशनचा वीजपुरवठा कुठून घ्यायचा ते बघायला इलेक्ट्रिकलवाला. त्या मुलीला सैल टर्मिनल सापडलं, पण अठ्ठेचाळिसाव्या मिनिटाला. मग सुमारे ३६ तास थांबलो. २२० मेगावॅट गुणिले ३६ तास म्हणजे जवळपास ७९ लाख युनिट वीज गेली, एका सैल स्क्रूपायी. तेव्हा अणुभट्टी चालवणं म्हणजे फक्त न्यूट्रॉनचं शास्त्र असा जो समज बाहेर असतो तो काढून टाका. न्यूट्रॉनचं शास्त्र सगळ्यांना यावंच लागतं, पण ते आधीच्या पक्क्या इंजिनिअरिंगच्या वर चढवायचं असतं. खालचा थर कच्चा असेल तर वरचा टिकत नाही.

आमच्याकडे बोर्डावर याचा पडताळा नेहमी यायचा. इंटरव्ह्यूत मुलाला त्याचे आवडते तीन-चार विषय विचारतात आणि मग फळ्याजवळ उभं करून त्याच विषयात खाली खाली नेतात, अर्धा-पाऊण तास, कधी जास्तही. अंतिम निवड या इंटरव्ह्यूवरच होते. एक मुलगा आला होता, न्यूक्लिअरची डिग्री, थोरियमची तीन टप्प्यांची योजना सुंदर सांगितली, फास्ट ब्रीडर सांगितलं. मग साधा प्रश्न विचारला, की इंधनाच्या काडीच्या मध्यापासून बाहेरच्या पाण्यापर्यंत तापमान कसं कसं उतरतं ते काढून दाखव. युरेनियम ऑक्साइडमध्ये तापमान किती झपाट्याने पडतं, कारण ते उष्णता वाईट वाहून नेतं, मग काडी आणि आवरणातली फट, मग आवरण, मग पाण्याची पातळ फिल्म. त्याला आलेख काढता येईना, कारण हीट ट्रान्सफर त्याला एकाच सेमिस्टरला आणि घाईघाईत शिकवलेलं. त्याच दिवशी एका सरकारी कॉलेजातली मेकॅनिकलची मुलगी आली, तिला थोरियमचं फारसं काही माहीत नव्हतं, पण हा आलेख तिने एकेक पायरी बोलत, सीमेवरच्या अटी स्वतःहून मांडत पूर्ण काढला. निवड कुणाची झाली ते सांगायला नको. त्या मुलाबद्दल मला वाईट वाटलं आणि अजून वाटतं, तो हुशार होता, त्याच्या घरच्यांनी कर्ज काढलं होतं, आणि कॉलेजने त्याला माहितीपत्रकात जे दाखवलं ते शिकवायला माणसं ठेवली नव्हती.

आता पैशाचं बघू. साडेतीन लाख गुणिले चार म्हणजे चौदा, हॉस्टेल, मेस, येणं-जाणं, लॅपटॉप धरून वीसच्या घरात जाणार. वीस लाखांचं शैक्षणिक कर्ज साडेदहा टक्क्यांनी दहा वर्षांसाठी धरलं तर हप्ता महिन्याला २७ हजारांच्या आसपास बसतो, शिकत असतानाचं व्याज चढतं ते वेगळं. दुसऱ्या बाजूला तुमच्याकडे एक गोष्ट आहे जी तुम्ही प्रश्नात मांडलीच नाही. जुलै २०२४ पासून महाराष्ट्रात ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी मुलींना, घरचं उत्पन्न आठ लाखांच्या आत असेल तर, व्यावसायिक कोर्सची शिक्षण फी आणि परीक्षा फी शंभर टक्के माफ आहे. अट अशी की प्रवेश सरकारच्या कॅप राउंडमधून, म्हणजे केंद्रीय प्रवेश प्रक्रियेतून झालेला पाहिजे, आणि खासगी अभिमत विद्यापीठं, स्वयंअर्थसहाय्यित विद्यापीठं यात बसत नाहीत. म्हणजे एकाच मुलीसाठी एका हाताला वीस लाख आणि दुसऱ्या हाताला कराड, सांगली, कोल्हापूर पट्ट्यातल्या चांगल्या कॉलेजात जवळजवळ फुकट मेकॅनिकल किंवा इलेक्ट्रिकल. त्यात मुलींसाठीच्या ३० टक्के राखीव जागा धरा. कराडच्या सरकारी कॉलेजला मेकॅनिकल मिळालं तर ती घरून डबा घेऊन जाईल! मला विचाराल तर इथे दुसरा विचारच करायला नको.

मेकॅनिकल, इलेक्ट्रिकल, केमिकल, इन्स्ट्रुमेंटेशन यातलं कुठलं हे तिच्या आवडीवर सोडा. फिजिक्स आवडतं म्हणताय तर मेकॅनिकलमधलं थर्मल आणि फ्लुइड तिला आवडेल असं वाटतं. मेटलर्जी मिळाली तर तीही कमी समजू नका. हेवी वॉटरच्या रिॲक्टरमध्ये इंधन ज्या नळ्यांत बसतं त्या झिर्कोनियम-नायोबियमच्या नळ्या न्यूट्रॉनच्या माऱ्याने आणि तापमानाने वर्षानुवर्षं हळूहळू लांबतात, मध्ये वाकतात, त्यांचं आयुष्य मोजणं, त्या कधी बदलायच्या ते ठरवणं हे सगळं धातुशास्त्र आहे. २२० मेगावॅटच्या एका युनिटमध्ये अशा ३०६ नळ्या असतात, ७०० मेगावॅटला ३९२. एवढ्या नळ्यांची नाडी बघणारी माणसं देशात मोजकी आहेत आणि त्यांना मान आहे.

शाखेचं नाव रुंद ठेवण्याचं अजून एक कारण आहे, आणि आई-वडील म्हणून तुम्ही ते धरून चाला. चार वर्षांत मुलीचं मन बदलू शकतं. किंवा मन तेच राहील पण निवड होणार नाही, कारण स्पर्धा खरोखर मोठी आहे. मेकॅनिकल-इलेक्ट्रिकलवाल्या मुलीला मग एनटीपीसी आहे, महानिर्मिती आहे, पुण्यातल्या गाड्यांच्या कंपन्या आहेत, एल अँड टी आहे. वालचंदनगर आणि एल अँड टीसारख्या कंपन्यांनी तर अणुवीज प्रकल्पांची अवजड यंत्रसामग्री वर्षानुवर्षं बनवलीय, तिथे काम करणारा वेल्डिंगचा, डिझाइनचा, क्वालिटीचा इंजिनिअरसुद्धा न्यूक्लिअरमध्येच काम करतो. न्यूक्लिअरच्या बी.टेक.वाल्याला त्याच कंपन्यांच्या फॉर्ममध्ये शाखेच्या रकान्यात आपलं नाव शोधत बसावं लागतं.

मग न्यूक्लिअरची डिग्री वाईटच का? अजिबात नाही. ती कधी आणि कुणाच्या पैशाने घ्यायची एवढाच प्रश्न आहे. मास्टर्सला ती फार चांगली. आयआयटी कानपूरला न्यूक्लिअर इंजिनिअरिंग अँड टेक्नॉलॉजीचा जुना एम.टेक. आहे, गेटवर प्रवेश, दरमहा स्टायपेंड. विभागाचीच डीजीएफएस नावाची दोन वर्षांची योजना आहे, तिच्यात ठरावीक आयआयटी किंवा मुंबईच्या आयसीटीसारख्या संस्थेत एम.टेक. करायचं, फी विभाग भरतो, स्टायपेंड देतो आणि नोकरी पक्की. चांगला सौदा म्हणतात तो हा. आणि वय झालं की काय अशी भीती नको, ओसीईएसला खुल्या गटाला २६ वर्षांपर्यंत जाता येतं, ओबीसीला तीन वर्षं जास्त, म्हणजे बी.टेक. झाल्यावर दोन-तीन प्रयत्न निवांत होतात. फक्त त्यासाठी केंद्राच्या नमुन्यातला ओबीसी दाखला लागतो, राज्याचा चालत नाही, इथे दरवर्षी पोरं अडकतात.

आता अमेरिका. तुमचे चुलतभाऊ पगाराबद्दल खोटं बोलत नाहीत, तिथल्या न्यूक्लिअर इंजिनिअरचा मधला पगार वर्षाला सव्वा लाख डॉलरच्या आसपास आहे. पण संपूर्ण अमेरिकेत त्या हुद्द्यावर माणसं किती, तर १४-१५ हजार. क्षेत्र लहान आहे, आणि त्यातलाही मोठा भाग परदेशी माणसाला बंद आहे. सरकारी नियामक संस्थेत नागरिकत्व लागतं, नौदलाच्या रिॲक्टरच्या कामाला लागतं, राष्ट्रीय प्रयोगशाळांतल्या बऱ्याच जागांना लागतं, आणि ऊर्जा खात्याच्या ज्या स्कॉलरशिप न्यूक्लिअरच्या मुलांना मिळतात त्या नागरिकांना आणि ग्रीन कार्डवाल्यांना. राहिल्या खासगी कंपन्या. तिथे ऊर्जा खात्याचा ८१० नंबरचा नियम आडवा येतो, ज्याच्याबद्दल इकडे फारसं कुणी सांगत नाही. रिॲक्टरचं तंत्रज्ञान दुसऱ्या देशाच्या माणसाला दाखवलं, अगदी अमेरिकेतल्याच ऑफिसात बसून दाखवलं, तरी ते त्याच्या देशाला निर्यात केल्यासारखं धरतात. काही देशांना सरसकट परवानगी आहे, भारत त्या यादीत नाही. म्हणजे भारतीय पासपोर्टवरच्या माणसाला रिॲक्टरच्या बऱ्याच कामांवर घ्यायचं तर कंपनीला खास परवानगी काढावी लागते, आणि कंपनीच्या भरतीवाल्यासमोर तेवढ्याच मार्कांचा दुसरा माणूस असेल तर तो हा खटाटोप करेल का, तुम्हीच विचार करा. मार्च २०२५ मध्ये होल्टेक कंपनीला अशी परवानगी मिळाली, तिच्या पुण्याच्या शाखेला आणि एल अँड टी, टाटा कन्सल्टिंग इंजिनिअर्स यांना लहान रिॲक्टरचं तंत्रज्ञान द्यायची, तर ती मोठी बातमी झाली, यावरून समजा परवानगी किती अवघड गोष्ट आहे. म्हणून कर्ज काढून अमेरिकेत न्यूक्लिअरची एमएस हा सगळ्यात महाग आणि सगळ्यात धोक्याचा रस्ता. पीएच.डी.ला पूर्ण फंडिंग मिळालं तर गोष्ट वेगळी, तिथे खिशातून काही जात नाही आणि संशोधनात दारंही जास्त उघडी असतात.

गंमत म्हणजे त्याच चुलतभावाचा मुलगा तिथे जन्मलेला असेल तर माझं उत्तर अगदी उलटं. ह्यूस्टनचा म्हणजे टेक्सासचा रहिवासी, त्याला टेक्सास ए अँड एमला राज्यातल्या मुलांची कमी फी लागेल, तिथे न्यूक्लिअरचा मोठा विभाग आहे, स्वतःचा एक मेगावॅटचा संशोधन रिॲक्टर आहे, वर स्कॉलरशिपला तो पात्र. त्याने बॅचलर्सच न्यूक्लिअरमध्ये केलं तरी पैसे वसूल. डिग्री तीच, पासपोर्ट बदलला की हिशोब बदलला. न्यू जर्सी, टेक्सासमधले मराठी आई-बाप हे वाचत असतील तर त्यांनी मुलांना फक्त कॉम्प्युटरकडे न ढकलता हेही एकदा दाखवावं.

युरोपात जायचंच झालं तर जर्मनीची फुकट फी बघून जाऊ नका, त्यांनी १५ एप्रिल २०२३ ला शेवटचे तीन रिॲक्टर बंद केले. फ्रान्स बघा. ५७ रिॲक्टर, देशाची दोन तृतीयांशच्या आसपास वीज त्यातून, पॅरिस-साक्लेला न्यूक्लिअर एनर्जीचं मास्टर्स इंग्रजीतून आहे आणि सरकारी विद्यापीठाची फी अमेरिकेच्या मानाने अगदीच कमी. फ्रेंच मात्र शिकावीच लागेल, प्लँटवर इंग्रजीने भागत नाही. कॅनडाचं आणि आपलं तंत्रज्ञान एकाच घराण्यातलं, राजस्थानचं पहिलं युनिट त्यांच्याच मदतीने झालं, त्यामुळे हेवी वॉटरवर काम केलेल्या आपल्या माणसाला तिकडे काय चाललंय ते पटकन कळतं. पण हे सगळं इथली चार-पाच वर्षं झाल्यावरचं बोलणं आहे.

विद्यापीठवाले तुम्हाला सांगतील की आता न्यूक्लिअरला तेजी येणार. त्यात तथ्य आहे, मी नाकारत नाही. २०२५ च्या बजेटमध्ये २०४७ पर्यंत १०० गिगावॅटचं उद्दिष्ट आणि लहान रिॲक्टरसाठी २० हजार कोटी जाहीर झाले, डिसेंबर २०२५ मध्ये संसदेने शांती कायदा मंजूर करून खासगी कंपन्यांना वाट मोकळी केली. आपण आत्ता नऊ गिगावॅटच्याही जरा खाली आहोत, म्हणजे माणसं लागणार, भरपूर लागणार. पण घाईत एवढं लक्षात ठेवा, की आमचा जैतापूर प्रकल्प, ९,९०० मेगावॅटचा, माझ्या मुलाच्या शाळेपासून चर्चेत आहे, तो आता नोकरीला लागला तरी तिथे रिॲक्टर उभा नाही. या क्षेत्रात दहा वर्षं म्हणजे थोडा काळ असतो. तेजी आली तर मेकॅनिकलवाल्या मुलीला तिचा पूर्ण फायदा मिळेल, लांबली तरी तिचं अडणार नाही.

मुलीच्या आईने रेडिएशनचं विचारलंय, ते रास्त आहे. आपल्याकडे कामगारांसाठी मर्यादा पाच वर्षांत मिळून १०० मिलिसिव्हर्ट (रेडिएशनचा डोस मोजायचं एकक) आणि कुठल्याही एका वर्षात ३० च्या वर नाही अशी आहे. निसर्गातूनच माणसाला जगभरात सरासरी वर्षाला २.४ मिळतात. प्रत्येकाच्या छातीवर डोस मोजणारा टीएलडी बॅज असतो आणि त्याची नोंद आयुष्यभर ठेवली जाते. कंट्रोल रूम, डिझाइन, ॲनालिसिस यातल्या लोकांचे आकडे मर्यादेच्या कितीतरी खाली असतात. गरोदर असल्याचं कळवलं की बाईंचं काम असं ठेवतात की पोटातल्या बाळाला अगदी कमी मर्यादेच्या वर डोस बसू नये. आईला खरं सांगायचं तर काळजी वेगळ्याच गोष्टीची करा, प्लँट गावाबाहेर असतात. तारापूर आपल्या घरचं, बोईसरला कॉलनी, लोकलने मुंबई गाठता येते, पण कैगा जंगलात आहे, रावतभाटा कोट्यापासून आत. कॉलनी छान, शाळा छान, शेजार घरच्यासारखा, पण नवऱ्याची नोकरी पुण्यात असेल तर ओढाताण होते. हे वीस-बाविसाव्या वर्षी कुणी सांगत नाही म्हणून आत्ता सांगितलं.

आणि एक शक्यता जी मला तिच्यासाठी आवडते. फिजिक्सवरच तिचा एवढा जीव असेल आणि इंजिनिअरिंग नको वाटलं, तर बी.एस्सी., एम.एस्सी. फिजिक्स करून बीएआरसीचा एक वर्षाचा डिप्लोमा इन रेडिओलॉजिकल फिजिक्स बघा. कॅन्सरच्या रेडिओथेरपीचं मशीन जिथे आहे तिथे मेडिकल फिजिसिस्ट लागतोच, नियमानेच लागतो, आणि आता ही मशीन्स कोल्हापूर, सांगली, नाशिकलाही आहेत. पेशंटच्या गाठीला नेमका किती डोस बसेल आणि शेजारच्या अवयवाला किती कमी, याचं गणित करणारं ते काम आहे. खर्च कमी, काम मोलाचं, आणि स्वतःच्या जिल्ह्यात राहता येतं. लासलगावला कांदा-आंब्यावर गॅमा किरणांचा मारा करणारं केंद्र आहे, वाशीला आहे, तिथेही रेडिएशन सेफ्टीची माणसं लागतात. या वाटा लहान आहेत पण चालत्या आहेत.

एवढं वाचूनही मुलगी त्या खासगी सीटवरच अडून बसली तर तिच्याशी भांडू नका, दोघं मिळून तिथे जा आणि लॅब उघडून दाखवा म्हणा. न्यूट्रॉन सोर्स आहे का, गॅमा स्पेक्ट्रोमीटर आहे का आणि तिसऱ्या वर्षाची मुलं त्यावर स्वतः हात चालवतात का, एईआरबीचं, म्हणजे अणुऊर्जा नियामक मंडळाचं लायसन्स कुणाच्या नावावर आहे, शिकवणाऱ्यांपैकी किती जणांनी प्रत्यक्ष रिॲक्टरवर काम केलंय. भारतातले संशोधन रिॲक्टर विभागाच्याच आवारात आहेत, तेव्हा मुलांना तिथे किती आठवडे नेतात, की एक दिवसाची सहल असते, हेही विचारा. आणि मागच्या तीन बॅचची मुलं आज कुठे आहेत ती यादी मागा, नावांसकट नको, नुसत्या हुद्द्यांची. त्या यादीत बहुतेक सॉफ्टवेअर कंपन्या दिसल्या तर तेच काम ती कराडला शिकूनही करू शकते.

मेकॅनिकलला आली तर पहिल्या वर्षापासून गणित आणि थर्मोडायनॅमिक्स घट्ट धरायला सांगा, तिसऱ्या वर्षी हीट ट्रान्सफर एका चांगल्या पुस्तकातून सगळी उदाहरणं सोडवून, आणि न्यूक्लिअरचं वाचन रविवारी, आवड म्हणून. गेट चौथ्या वर्षी आहे, घाबरायचं कारण नाही. तुम्ही मात्र आत्ताच उत्पन्नाचा दाखला आणि नॉन-क्रीमीलेअर काढायला टाका, प्रवेशाच्या दिवसांत तहसीलला रांगा लागतात, आणि कॅपचा ऑप्शन फॉर्म भरताना जवळचं कॉलेज वर आणि शाखा खाली असं करू नका, आधी तिला हव्या त्या शाखा सगळ्या चांगल्या कॉलेजांत भरा, मग बाकीचं.